आधी वार कुणाचा?

जून १८९७. पुण्यात प्लेगची साथ ओसरू लागली होती, पण घराघरांत शिरून झडत्या घेणाऱ्या गोऱ्या सोल्जरांची चीड अजून धुमसत होती. अशा दिवसांत विंचूरकर वाड्यात शिवराज्याभिषेकाचा उत्सव भरला. फर्ग्युसन कॉलेजातले प्रोफेसर चिंतामण गंगाधर भानू यांचं व्याख्यान होतं आणि अध्यक्षस्थानी बाळ गंगाधर टिळक. विषय होता अफझलखानाचा वध.

वाद तेव्हाही जुनाच होता. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी शामियान्यात नेमकं काय झालं, यावर पुण्याच्या दोन पिढ्या भांडल्या होत्या. ग्रँट डफने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास लिहिला, त्यात दगाबाजी महाराजांच्या पदरी टाकली, आणि तेच पुस्तक वाचून इथली पोरं परीक्षा देत होती. उलट सभासदाची बखर सांगते की खानाने भेटीच्या मिषाने महाराजांची मान काखेत दाबली, कुशीत जमदाड चालवली, ती अंगातल्या चिलखतावर खरखरली, आणि मग वाघनखं चालली. आधी वार कुणाचा, यावर सगळं अडलं होतं. वाद इतिहासाचा म्हणून चालला होता, पण तो मांडला जात होता थेट सेशन कोर्टात मांडावा तसा. खानाचा वार आधी असेल तर महाराज निर्दोष, महाराजांचा असेल तर खून.

टिळकांनी या वादाचं मूळच उपटलं. खानाला मारायचा बेत महाराजांनीच आधी केला आणि तो तडीस नेला असं घटकाभर धरून चालू, असं ते म्हणाले. तरी ते पाप ठरत नाही. याचं उत्तर पिनल कोडात शोधू नका, मनू-याज्ञवल्क्यांच्या स्मृतींतही शोधू नका, गीतेत शोधा. कोडाचे आणि स्मृतींचे नियम तुमच्याआमच्यासारख्या सामान्यांसाठी आहेत. आणि मग त्यांनी दाखला दिला तो चोरांचा: घरात चोर शिरले, हाकलून द्यायला मनगटात बळ नाही, तर बाहेरून कडी लावून त्यांना जाळायला कचरायचं कशाला?

‘केसरी’त १५ जूनला हा वृत्तान्त छापून आला. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेगच्या बंदोबस्ताचा प्रमुख रँड याच्यावर गोळी झाडली गेली. सप्टेंबरात मुंबईच्या हायकोर्टात न्यायमूर्ती स्ट्रेचींसमोर टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. नऊ ज्यूररांपैकी सहा गोरे दोषी म्हणाले, तिघे हिंदी निर्दोष म्हणाले, आणि अठरा महिन्यांची शिक्षा झाली. हा भाग शाळेच्या पुस्तकातही येतो. मात्र चोरांच्या दाखल्यावर कुणी फारसं थांबत नाही. टिळक १८७९चे एलएल.बी., पुण्यात कायद्याचा वर्ग चालवलेले. पिनल कोडातून बाहेर या, असं त्यांनी श्रोत्यांना सांगितलं ते उगाच नाही. चोरांना कोंडून जाळणाऱ्याला ते कोड सोडणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. रात्रीची घरफोडी करणाऱ्याचा जीव घेण्यापर्यंत कोड घरधन्याला मोकळीक देतं, हे खरं. पण चोर एकदा कोंडले गेले की धोका संपला, फौजदाराला बोलावण्याइतका वेळ मिळाला. त्यानंतर लावलेली काडी बचावाची राहत नाही.

टिळकांनी ज्या दोन ग्रंथांना बाजूला सारलं, त्या दोघांनीही या प्रश्नावर डोकं फोडलेलं आहे.

स्मृतींचं आधी. आततायी, म्हणजे शस्त्र उगारून अंगावर येणारा, आग लावणारा, विष घालणारा, धन, शेत किंवा बायको हिरावून नेणारा. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात अशा माणसाला मागचापुढचा विचार न करता मारावं असं म्हटलंय. मग तो गुरू असो, बाळ असो, म्हातारा असो की विद्वान ब्राह्मण. वचन इतकं रोखठोक की पुढच्या टीकाकारांची झोप उडाली. कारण ब्रह्महत्या हे महापातक, असंही तीच स्मृती सांगते. अकराव्या-बाराव्या शतकाच्या सांध्यावर कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारात, म्हणजे महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या आजच्या बसवकल्याणात, विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ लिहिली. तिच्यात त्याने हा पेच सोडवायचा प्रयत्न केला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की त्या वचनाने मारायची आज्ञा दिलेली नाही. आततायी ब्राह्मणाला अडवायचं, मारायचं नाही. अडवताना, मारायचा हेतू नसताना, तो मेला तर प्रायश्चित्त हलकं आणि राजाचा दंड नाही. दुसऱ्या टीकाकारांना हे पटलं नाही आणि वाद शतकानुशतकं चालला, भारतरत्न पां. वा. काण्यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात त्याचा साद्यंत हिशेब मांडला आहे. ब्राह्मणाचा मुद्दा आज आपण सोडून देऊ. पण हेतू अडवण्याचा होता की मारण्याचा, हा विज्ञानेश्वराने काढलेला प्रश्न आजही अशा खटल्यांत उलटतपासणीला उभा राहतो.

आता पिनल कोडाचं. ते लिहिणाऱ्या इंग्रजांची मूळची तऱ्हा याहून विचित्र होती. मध्ययुगात तिथे स्वतःचा जीव वाचवताना कुणाला मारलं तर माणूस सुटत नसे. १२७८च्या ग्लॉस्टरच्या कायद्याप्रमाणे तो तुरुंगात पडून राही. ज्यूरीने बचाव मान्य केला की न्यायाधीश तसं राजाला कळवी, आणि राजाची मर्जी झाली तर माफी मिळे. माफी मिळाली तरी मालमत्ता जप्त व्हायची. म्हणजे तुझा काही दोष नाही असं सांगायचं आणि घरातली गाईगुरं, भांडीकुंडी घेऊन जायची. पुढे व्यवहारात हे ढिलं पडत गेलं. दरोडेखोराला मारणाऱ्याची मालमत्ता जप्त करायची नाही असा कायदा आठव्या हेन्रीच्या काळात झाला. पण भांडणातून हातघाईवर आलेल्याला मात्र आणखी एक अट होती: आधी मागे हटायचं. पाठ भिंतीला टेकेपर्यंत हटायचं, आणि हटायला जागाच उरली नाही तर मग हत्यार चालवायचं. जप्तीची ही पद्धत कागदावरून अधिकृतपणे पुसली गेली ती १८२८ साली.

त्यानंतर सहा वर्षांनी टॉमस बॅबिंग्टन मेकॉले मद्रासच्या किनाऱ्यावर उतरला.

मेकॉले म्हटलं की आपल्याकडे त्याचं शिक्षणावरचं टिपण आठवतं आणि शिव्याशाप सुरू होतात. त्याचं खरं टिकलेलं काम वेगळंच आहे. गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलात तो कायद्याचा सभासद म्हणून आला. मद्रासहून भोयांनी मेण्यातून त्याला उटीला वाहून नेलं, कारण गव्हर्नर जनरल बेंटिंकचा मुक्काम तिथे होता. १८३५मध्ये लॉ कमिशन बसलं. मेकॉले अध्यक्ष, मद्रासचा मॅक्लाउड, मुंबईचा अँडरसन आणि कॅमेरॉन हे सोबती. मुंबईच्या माणसाला तिथे खास मान असायला हवा होता, कारण तिन्ही इलाख्यांत लेखी फौजदारी संहिता होती ती फक्त आपल्याकडे, एल्फिन्स्टनने १८२७ साली करून ठेवलेली. पण कमिशनने तिला फार किंमत दिली नाही. तिन्ही इलाख्यांचे कायदे शेजारी ठेवून त्यांनी गंमत दाखवली: बंगालमध्ये खोटे दस्त करणाऱ्याला खोट्या साक्षीच्या दुप्पट कैद, मुंबईत नेमकं उलटं, खोट्या साक्षीला दस्तांच्या दुप्पट, आणि मद्रासमध्ये दोघांना सारखीच. असे तुकडे जोडण्यापेक्षा सगळं नव्याने लिहू, असं ठरलं. त्यात कलकत्त्याच्या हवेने सोबत्यांना एकेक करून अंथरुणाला खिळवलं आणि कित्येक महिने काम मेकॉलेच्या एकट्याच्या खांद्यावर आलं. १४ ऑक्टोबर १८३७ रोजी मसुदा सरकारकडे गेला.

स्वसंरक्षणाचं प्रकरण त्यात होतं, आणि ते इंग्लंडच्या कायद्यापेक्षा कितीतरी सढळ हाताने लिहिलेलं होतं. भिंतीपर्यंत मागे हटायची अट नाही. राजाची माफी नाही. स्वतःचाच नव्हे, कुणाचाही जीव वाचवायचा हक्क आहे. मालमत्तेसाठीही काही वेळा जीव घेता येतो. एवढी मोकळीक का दिली, याचं उत्तर मसुद्याला जोडलेल्या टिपणात सापडतं, आणि ते वाचताना आजही कान गरम होतात. आपण फार सूट दिली असं कुणाला वाटेल, असं लेखक आधीच कबूल करतात. पाणीदार, ताठ मानेच्या, हात उचलायला सोकावलेल्या लोकांसाठी कायदा करायचा असता तर जास्त बंधनं घातली असती, असंही म्हणतात. इथे मात्र धोका उलट आहे. इथले लोक दरोडेखोरांच्या टोळ्यांपुढे ज्या मुकाट्याने मान तुकवतात ते पाहून निराशा येते, तेव्हा त्यांच्यावर बंधनं वाढवण्यापेक्षा त्यांच्यात मर्दुमकी जागवणं बरं.

म्हणजे हा हक्क आपल्याला मिळाला तो आदरापोटी नाही, तुच्छतेपोटी. मेकॉलेचा हिंदुस्थान म्हणजे चौरंगीच्या बंगल्यातून दिसणारा हिंदुस्थान. पुरंदरच्या रानात उमाजी नाईकांनी कंपनीला काही वर्षं झुलवलं, त्याला दशकही उलटलं नव्हतं; पण ती बातमी या टिपणापर्यंत पोचलेली दिसत नाही. तरी एक गोष्ट नाकारता येत नाही. भित्र्या लोकांसाठी म्हणून लिहिलेला कायदा भ्यालेल्या माणसाच्या बाजूने झुकतो, आणि स्वसंरक्षणाचा कायदा लागतो तो भ्यालेल्या माणसालाच. मेकॉलेचा हेतू कसाही असो, कलमं चांगली उतरली.

ती कशी उतरली ते एकदा जवळून पाहण्यासारखं आहे. मेकॉलेच्या मसुद्यात अनेक कलमांखाली उदाहरणं होती, आणि त्यांत माणसांना नावं नव्हती, ए आणि झेड अशी अक्षरं होती. मार खाण्याचं काम बहुतेक वेळा झेडच्या वाट्याला येतं. वेडाच्या भरात झेड ए-ला मारायला धावतो; झेड वेडा आहे म्हणून त्याचा गुन्हा नाही, पण ए-चा बचावाचा हक्क त्यामुळे तसूभरही कमी होत नाही. रात्री ए एका घरात शिरतो, शिरायचा त्याला हक्कच असतो, पण झेडला वाटतं घरफोड्या आला आणि तो तुटून पडतो. झेडचा समज प्रामाणिक, म्हणून त्याचा गुन्हा नाही, तरीही ए-ला हात उचलायचा तेवढाच हक्क आहे. दोन निर्दोष माणसं एकमेकांवर कायदेशीर हत्यार उगारून उभी! आणखी एक उदाहरण घोड्याच्या चाबकाचं. झेड ए-ला चाबकाने फोडू पाहतो, पण जबर दुखापत होईल असं नाही. ए पिस्तूल काढतो. झेड थांबत नाही. दुसरा इलाज नाही असं प्रामाणिकपणे वाटून ए गोळी झाडतो आणि झेड मरतो. हा खून नाही, पण निर्दोषही नाही, सदोष मनुष्यवध. बचावाचा हक्क होता, तो ए-ने ओलांडला. आणि शेवटचं उदाहरण सगळ्यांत अवघड: खुनशी जमाव अंगावर आलाय, गोळी झाडल्याशिवाय सुटका नाही, पण जमावात लहान मुलं आहेत. ए गोळी झाडतो, एखादं मूल जखमी होतं. ए-चा गुन्हा नाही.

मसुदा वीसेक वर्षं कागदांच्या ढिगात पडला. कमिशनं बसली, शेरे मारले गेले, मेकॉले विलायतेला परत जाऊन इतिहासकार झाला आणि १८५९च्या डिसेंबरात वारलाही. मधल्या काळात १८५७ घडलं, आणि मुकाट मान तुकवणारी प्रजा हा सिद्धान्त मेरठ-कानपूरच्या धुरात जळाला. तेव्हा कुठे बार्न्स पीकॉकच्या हाताखाली हा मसुदा पुन्हा तासला गेला आणि ६ ऑक्टोबर १८६० रोजी मंजूर झाला. १८६० सालचा ४५वा कायदा, म्हणजेच पिनल कोड. १ जानेवारी १८६२पासून तो लागू झाला. स्वसंरक्षण ९६ ते १०६ कलमांत होतं. मसुद्यातलं राजद्रोहाचं कलम तेवढं १८६०मध्ये गळालं होतं. ते १८७०मध्ये परत घातलं गेलं आणि पुढे टिळकांच्या कामी आलं.

१८६०चाच ३१वा कायदा कुणी फारसा आठवत नाही. तो शस्त्रं बनवणं, विकणं, बाळगणं यांवर बंधनं घालणारा, आणि सरकारला वाटेल तो मुलूख निःशस्त्र करण्याचा अधिकार देणारा होता. १८७८मध्ये व्हाइसरॉय लिटनने आर्म्स ॲक्ट आणून ते काम पुरं केलं. गोऱ्यांना त्यातून सूट होती. एका हाताने सरकारने सांगितलं की दरोडा पडला तर बिनधास्त मारा, आणि दुसऱ्या हाताने खुंटीवरची तलवार काढून नेली. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांतून आर्म्स ॲक्टविरुद्ध ठराव होत राहिले ते याच पोटतिडकीने. विंचूरकर वाड्यातल्या श्रोत्यांना टिळकांनी चोरांना कोंडून जाळायचा दाखला दिला, त्यात हाकलायला मनगटात बळ नसेल तर, ही अट होती. ती अट १८७८ नंतरच्या श्रोत्यांना समजावून सांगावी लागली नसेल.

इंग्रज गेले, कोड राहिलं, आणि त्यातल्या त्या अवघड उदाहरणासारखा प्रसंग मार्च १९५०मध्ये कटनीत घडला. कटनी म्हणजे जबलपूरच्या वाटेवरचं चुन्याच्या भट्ट्यांचं आणि रेल्वे जंक्शनचं गाव. फाळणीनंतर सिंधी निर्वासित तिथे मोठ्या संख्येने येऊन राहिले होते. घरदार सिंधमध्ये टाकून आलेली माणसं, नव्या गावात दुकानं थाटून पोट भरत होती. झेंडा बाजारात त्यांची दुकानं, सुभाष चौकाकडे मुसलमानांची वस्ती. एका दिवशी बाजारात घबराट उठली, दुकानांच्या फळ्या पटापट पडल्या, आणि घबराट चौकापर्यंत पोचली. दंगल पेटली.

सुभाष चौकात एका मुसलमान दुकानदाराचं दुकान आणि शेजारी लागून त्याच्या भावाचं. जमाव आधी भावाच्या दुकानात शिरला आणि लूट सुरू झाली. मधल्या भिंतीला एक भोक होतं. त्या भोकातून दुकानदाराची आई भावाच्या पोरांना घेऊन इकडे आली आणि तिने सांगितलं की तिकडे जमाव आत घुसलाय. मग त्याच्या स्वतःच्या दारावर लाठ्या बडवल्या जाऊ लागल्या. त्याच्याजवळ बंदूक होती. त्याने गोळ्या झाडल्या. जमावातला एक सिंधी ठार झाला, तिघे जखमी झाले.

खालच्या कोर्टाने त्याला दोषी धरलं आणि हायकोर्टाने ते उचलून धरलं. कटनी तेव्हाच्या मध्य प्रदेशात, आणि त्याचं हायकोर्ट नागपूरला. सरकारी बाजूला बोलायला जागा होती, हे मान्य करायला हवं. त्याच्या दुकानात कुणी शिरलेलं नव्हतं. दार अजून उभं होतं. जमाव लुटायला आला होता, मारायला आला होता हे कशावरून? जमावाच्या हाती दिसत होत्या त्या लाठ्या. आणि मेला तो माणूसही कुणाचा तरी मुलगा, बहुधा सिंधमधून जीव वाचवून आलेला.

अपील सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९५२मध्ये निकाल लिहिला न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी. बोस नागपूरचे. त्यांचे आजोबा सर बिपिन कृष्ण बोस नागपूर विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. व्हिव्हियन बोस यांनी नागपुरात वकिली केली, तिथल्या हायकोर्टात न्यायाधीश झाले, मुख्य न्यायाधीश झाले आणि १९५१मध्ये दिल्लीला गेले. म्हणजे ज्या कोर्टाचे ते काल-परवापर्यंत प्रमुख होते त्याच कोर्टाचा निकाल आता समोर होता, आणि तो त्यांनी फिरवला.

निकाल लांबलचक नाही. बोस दुकानाच्या आत जाऊन उभे राहतात, एवढंच त्यात वेगळं. पोलीस पंचनाम्याला सगळं शांत झाल्यावर येतात, वकील नकाशावर बोट ठेवून अंतरं मोजतात, त्या वेळी जमाव कुठे थांबला असता हे सांगता येतं. दाराच्या आतल्या माणसाला ते कळत नाही. भिंतीपलीकडे काय झालं ते त्याने आईच्या तोंडून ऐकलंय. आपल्या दुकानाचंही तेच होणार की नाही हे थांबल्याशिवाय कळणार नाही, आणि थांबलं तर जमाव आत आल्यावर बोलायलाही सवड मिळणार नाही. दोन-चार क्षणांचा उशीरही पुरे. कलम १०२ सांगतं की शरीराला धोक्याची वाजवी भीती उभी राहिली की हक्क सुरू होतो, वार पडेपर्यंत थांबायची गरज नाही. ती भीती इथे होती. अशा वेळच्या गोष्टी सोन्याच्या काट्यावर तोलायच्या नसतात, असं बोस लिहितात. दुकानदार सुटला.

हा निकाल आज फौजदारी वकिलांच्या तोंडी असतो, पण तो कुठल्या वेळी दिला गेला हे विसरलं जातं. फाळणीला पाच वर्षंही झाली नव्हती. मेलेला सिंधी निर्वासित, मारणारा मुसलमान, आणि देशाच्या नव्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की त्या माणसाची भीती वाजवी होती. ‘वाजवी’ म्हणजे कुणाच्या दृष्टीने, हा या कायद्यातला सगळ्यांत नाजूक भाग. खुर्चीत बसलेल्या, पोट भरलेल्या, गाडीतून घरी जाणाऱ्या माणसाच्या दृष्टीने की कडी धडधडणाऱ्या दारामागच्या माणसाच्या? मेकॉलेने हे शब्दांत बांधलं नव्हतं, त्याने ते न्यायाधीशांवर सोडलं होतं. नागपूरच्या माणसाने त्यात आतल्या बाजूची जागा निवडली.

पण भीतीचं एक टोक सुरुवातीचं आणि दुसरं शेवटचं. शेवटच्या टोकाचा निकाल दहा वर्षांनी आला, पंजाबातून, शेतजमिनीच्या भांडणावरून. ताब्यावरून झालेली मारामारी ही आपल्याकडच्या खुनांची सगळ्यांत जुनी जात; बांध, पाट, वहिवाट या शब्दांवर आपल्याही जिल्हा कोर्टांत किती वर्षं जातात ते सांगायला नको. शेतात लोक चालून आले, बाचाबाची झाली, हाणामारी झाली, आणि ज्यांच्या हाती बंदुका होत्या त्यांनी त्या चालवल्या. निकाल लिहिला न्यायमूर्ती प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांनी. साताऱ्यात जन्मलेले, मुंबईच्या हायकोर्टात गाजलेले, आणि पुढे १९६४मध्ये सरन्यायाधीश झालेले. बोसांनी घालून दिलेलं तत्त्व त्यांनी मान्य केलं: जीव धोक्यात असताना माणसाने मोजूनमापून वार करावा अशी अपेक्षा धरता येत नाही. पळून जाण्याची सक्तीही कायदा करत नाही. मात्र चालून आलेले लोक पळत सुटल्यावर त्यांच्यावर गोळ्या झाडणाऱ्यांना बचाव उरत नाही. पळणाऱ्यापासून धोका नसतो, आणि धोका संपला त्या घडीला हक्कही संपतो. आरोपी दोषी ठरले.

या दोन निकालांच्या मधल्या काही क्षणांत पुढचे शेकडो खटले लढले गेले. आपला बचाव होता हे दाखवण्याची जबाबदारी पुराव्याच्या कायद्याने आरोपीवर टाकली आहे, पण ती सरकारी पक्षाइतकी कडक नाही. शक्यतेचं पारडं त्याच्याकडे झुकलं की पुरे. त्याने स्वतः बचाव मांडलाच नाही, तरी सरकारी साक्षीदारांच्या जबानीतून तो दिसत असेल तर कोर्ट तो उचलू शकतं. ही मुभा उपयोगी पडते ती बहुतेक गरिबांना, कारण घाबरलेला आरोपी आणि त्याचा फुकटचा वकील अनेकदा सरळ सांगून मोकळे होतात की मी तिथे नव्हतोच. आणि तिथे नसलेल्या माणसाला स्वसंरक्षण करता येत नाही. मला या कायद्यातली सगळ्यांत दुखरी जागा ही वाटते: खरोखर जीव वाचवायला हात उचललेला माणूस खोटं बोलून आपला हक्क घालवतो.

जीव घेण्यापर्यंत मोकळीक देणाऱ्या हल्ल्यांची यादी कलम १००मध्ये होती: मरणाची भीती, जबर दुखापतीची, बलात्कार, अनैसर्गिक अत्याचार, पळवून नेणं, डांबून ठेवणं. ही सहा कारणं १८६०पासून तशीच होती. सातवं २०१३मध्ये आलं, ॲसिडहल्ल्याचं. दिल्लीतल्या निर्भया बलात्कार प्रकरणानंतर न्यायमूर्ती वर्मा समितीचा अहवाल आला आणि त्याच लाटेत कायदा दुरुस्त झाला. सहावरून सातवर यायला दीडशे वर्षं लागली. मेकॉलेच्या कमिशनला दरोडेखोर दिसत होते. बाटली घेऊन कोपऱ्यावर उभा राहिलेला माणूस त्यांच्या हिंदुस्थानात नव्हता. पण घरात रोज मार खाणारी बाई तेव्हाही होती, आणि तिच्यासाठी या यादीत आजही वेगळी ओळ नाही. मारणारा झोपलेला असताना तिने हत्यार उचललं तर तिची भीती ‘त्या क्षणाची’ नव्हती असं म्हटलं जातं. वर्षानुवर्षं साठलेली भीती क्षणाच्या मापात बसत नाही, आणि गजेंद्रगडकरांचं दुसरं टोक इथे तिच्या विरुद्ध जातं.

१ जुलै २०२४पासून पिनल कोड गेलं आणि भारतीय न्याय संहिता आली. ९६ ते १०६ची कलमं ३४ ते ४४ झाली. वसाहतीचा वारसा पुसायचा म्हणून हे केलं असं सांगितलं गेलं, पण ही अकरा कलमं जवळजवळ शब्दशः तीच आहेत. ए आणि झेड तेच. घोड्याचा चाबूकही तसाच ठेवलाय. मर्दुमकी जागवण्याचं ते टिपण मात्र कायद्याचा भाग कधीच नव्हतं, त्यामुळे ते रद्द करण्याचा प्रश्न आला नाही.